बारमाही ऊन

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. आमच्या दूध संघाच्या जीपमध्ये पुढे एक कप्पा आहे. कुणी त्यात गोळ्यांचं पाकीट ठेवतं, कुणी अर्धी सुपारी, कुणाचा रुमाल राहतो, आणि एक दिवस कप्प्याचं झाकणच लागत नाही. किश्श्यांचंही तसंच. आमच्या कप्प्यात मात्र सगळ्यात वर असायची माझी सनस्क्रीनची ट्यूब, आणि निम्मे किस्से तिच्यापायीच घडले. "दुष्काळात तुम्ही काय केलंत?" असं कुणी विचारलं तर सांगायला जरा लाजच वाटते. तोंडाला क्रीम लावलं!

आता हसलात ना? ऐका तर.

त्या उन्हाळ्यात संघाने नेकनूरच्या पुढे माळावर चारा छावणी उघडली. मी संघाची फिल्ड सुपरवायझर. फिल्डवर आलेली पहिली बाई मीच, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. छावणी माझ्याकडे, गावोगावची दूध संकलन केंद्रंही माझ्याकडे. माळावर औषधाला झाड नाही. बघता बघता गालांवर लाल चट्टे आले, त्यावर काळपट वांग चढले, आणि संध्याकाळी तोंडाची नुसती आग आग व्हायची. बीडला त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी भिंगातून बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला ऊन सोसत नाही. रोज सनस्क्रीन लावायचं. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, सुट्टी नाही. घाम आला की तोंड धुवून परत. हे जमत नसेल तर सावलीतलं काम बघा."

हे आमच्या चेअरमनसाहेबांच्या कानावर गेलं. त्यांना सगळे आबा म्हणतात. बोलायला कडक, पण संघातल्या प्रत्येकाच्या घरचं दुखणंखुपणं त्यांना ठाऊक. मला बोलावून म्हणाले, "पोरी, हापिसात एक टेबल रिकामं हाय. वर पंखा हाय. ये सावलीला."

फिल्ड मिळवायला मी किती भांडले होते ते माझं मला माहीत. एकदा टेबलाला चिकटलं की माणूस परत माळावर येत नाही, हे मी बघितलं होतं. मी म्हटलं, "आबा, एक वर्ष द्या मला."

आबांनी जरा विचार केला. "बरं. पुढच्या गुढीपाडव्याला तोंड बघतो तुजं. निवळलं तर फिल्ड, न्हाई तर टेबल. मंग रडायचं न्हाई!"

*

पहिल्या दिवशी किती लावायचं ते कळलं नाही. चेहरा पांढराफटक! छावणीत कौसाबाई नावाची एक बाई दोन गाई आणि एक म्हैस घेऊन मुक्कामाला होती. माझ्या आईपेक्षा मोठी, तोंडाने फटकळ, आणि छावणीतल्या सगळ्या बायका तिचं ऐकणार. तिने मला बघितलं आणि हात जोडले.

"म्याडम, परळीला गेलत्या का? वैजनाथाचा अंगारा मला बी लावा की थोडा!"

आमचे गुरांचे डॉक्टर, जाधव, शेजारीच एका बैलाला सुई टोचत होते. मान वर न करता म्हणाले, "मावशी, परळीचाच हाय. पण देवळातला न्हाई, वीज कारखान्यातल्या कोळशाचा!"

दिवसभर छावणीत मला बघून लोक हात जोडत होते. निम्मे भक्तीने, निम्मे डॉक्टरांच्या सांगण्यावरून.

*

या जाधव डॉक्टरांनी एकदा माझी ट्यूबच पळवली. कौसाबाईच्या संकरित गाईचं, चंद्रीचं, नाकाड गुलाबी. उन्हाने ते सोलून निघालं होतं. डॉक्टर म्हणाले, "म्याडम, हिला तुमचाच आजार हाय. आना ती ट्यूब."

डॉक्टरांनी नाकाडावर बोट फिरवलं. चंद्रीने वरून जीभ फिरवली. नाकाड स्वच्छ! डॉक्टरांनी पुन्हा लावलं, तिने पुन्हा चाटलं. वर मान पुढे करून अजून मागायला लागली. पोटात गेलं तर नसती भानगड, म्हणून शेवटी डॉक्टरांनी ट्यूब मला परत दिली, चंद्रीला शेडच्या आत नेऊन बांधलं आणि कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "हिला न्हाई जमायचं. हिला सावलीतलं काम बघा!"

सगळे हसले. मीही हसले, पण मला ते जरा लागलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी छावणीतल्या माझ्या टेबलासमोर चारपाच शेतकरी रांगेत उभे. सगळ्यात पुढच्याने लाल कंधारी गाय दाव्यासकट आणलेली. "चंद्रीला कीरीम लावलं म्हनं काल. आमची काय सावत्र हाय का?"

*

आमचे ड्रायव्हर लक्ष्मणमामा. जन्म स्टिअरिंगमागे गेलेला. खिडकीकडचा उजवा गाल काळा ठिक्कर, डावा चांगला गव्हाळ. लग्नातल्या फोटोत हे कायम डावा गाल पुढे करून उभे! माझी ट्यूब जरा लवकर संपायला लागली तेव्हा मला शंका आली. एकदा जीपमागून हळूच बघितलं, तर मामा आरशात बघून क्रीम चोळतायत. तेही फक्त उजव्या गालाला.

"मामा, लावायचं तर सगळ्या तोंडाला लावा की!"

मामा अजिबात लाजले नाहीत. "म्याडम, जळायलाय उजवा. डाव्याला कावून द्यायचं? मोकाट पानी सोडायचे दिवस गेले. हे ठिबक हाय, ठिबक!"

मी त्यांना वेगळी ट्यूब आणून दिली. ती त्यांना लई दिवस पुरली.

*

पावसाळा नावालाच आला. ढग यायचे, माणसांना आशेला लावायचे आणि पुढे निघून जायचे. एक दिवस सकाळपासून असं गच्च भरून आलं की मी म्हटलं, आज कसलं ऊन! ट्यूब कप्प्यातच राहिली. लिंबागणेशच्या संकलन केंद्रावर अख्खा दिवस उघड्यावर उभी होते. पाऊस नाहीच पडला. संध्याकाळी जीपच्या आरशात बघते तर गाल लालबुंद, महिन्यांची मेहनत मातीत. मला खरंच रडू आलं. डोळ्यांसमोर ते टेबल आणि तो पंखा दिसायला लागला.

मामांनी गाडी कडेला घेतली. मला वाटलं, धीर देतील. म्हणाले, "म्याडम, सगळा मुलूख ढगाकडं बघून पेरनी करून बसलाय. तुमी शिकलेल्या, तुमी बी ढगावर भरवसा ठिवला?"

त्यानंतर आभाळ कितीही भरून येवो, मामा ट्यूब माझ्या हातात दिल्याशिवाय गाडीला चावी लावत नसत.

*

संघाची वार्षिक सभा म्हणजे आरडाओरडा आलाच. त्या वर्षी तर दुष्काळाची. विरोधी पॅनलचा एक जण उभा राहून ओरडला, "आमची जनावरं वाळायलीत, आन् संघाच्या म्याडम छावनीत तोंडाला कीरीम फासायल्या! हे नखरे कुनाच्या जिवावर?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात बायकांच्या बाजूने कौसाबाई पदर खोचून उठली.

"का रं, तुज्या दारात म्हैस हाय का?"

"हाय की."

"ती उन्हापायी चिखल फासती अंगाला. तिला नखरे म्हनतो का तू? दुसऱ्याच्या जिवावर म्हनतो का?"

सगळा मंडप हसायला लागला. तो खाली बसला. जाताना आबा मला म्हणाले, "म्हशीच्या पंगतीला बसवलं तुला, पर वाचिवलं!"

*

हिवाळ्यातलं ऊन गोड लागतं, आणि घात होतो तो तिथेच. बायकांबरोबर ऊन खात बसलं की वेळेचं भान राहत नाही. म्हणून जाधव डॉक्टरांनी परस्पर एक व्यवस्था केली. छावणीत सूचना द्यायला भोंगा होता. एकदा तालुक्याहून मोठे साहेब पाहणीला आलेले. मी त्यांना गंभीर चेहऱ्याने शेड दाखवतेय, आणि भोंगा सुरू झाला, "पेंड आली आहे, पाट्या घेऊन या. तांबड्या वासराच्या मालकाने वासरू घेऊन जावं. सुपरवायझर म्याडम जिथं असतील तिथं त्यांनी क्रीम लावावं. ढग असले तरी लावावं!"

मी घाईघाईने पुढचं शेड दाखवायला लागले. पाहणी संपवून गाडीत बसताना साहेबांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "कोणतं लावता?"

*

आणि मग पाडवा आला.

आबा सकाळचं गुढीचं आटोपून भर दुपारी छावणीत हजर. नेमकी त्याच वेळी वावटळ उठून गेलेली. चाऱ्याचा भुसा, माती, घाम, सगळं माझ्या तोंडावर. आबा समोर उभे राहून बघतच राहिले. "हे तोंड हाय का उकिरडा? काय दिसायलंय त्यात मला? आन् आता परत कीरीम कसं लावनार यावर?"

मी खाली बघितलं. तोंड धुवायचं तर पाणी कुठे होतं? दोन दिवस टँकर आला नव्हता. जनावरंच हंबरत होती. वर्षभर केलेलं सगळं आता या भुशात जाणार, असं वाटलं.

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. छावणीत टँकर आला की काय होतं ते बघितल्याशिवाय कळायचं नाही. हंड्याला हंडा, शिवीला शिवी. सख्ख्या जावा एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. कौसाबाईचा नंबर पहिला होता. तिने तांब्या भरला आणि हंड्यात न ओतता तशीच माझ्याकडे आली.

"वाक खाली."

"अहो मावशी, जनावरं तहानलीत..."

"गप. तोंड धू, पोरी."

मागे सगळी रांग उभी. एक बाई बोलली नाही की पुढे सरकली नाही. कुणीतरी माझ्या तोंडाखाली घमेलं सरकवलं, म्हणजे धुतलेलं पाणी वासराला जाईल. मी ओंजळ केली. कौसाबाईचा हात म्हातारा, धार जाड पडत होती. आबांनी पुढे होऊन तिच्या हातातून तांब्या घेतला आणि स्वतः धार धरली, बारीक, एक थेंब वाया न घालवता.

मी तोंड धुतलं, पदराने टिपलं आणि आबांच्या समोर उभी राहिले. गाल बराचसा निवळला होता. बराचसाच. डाव्या डोळ्याखाली एक वांग अजून होता, तो भर उन्हात त्यांना दिसलाच असणार.

आबांनी तांब्या कौसाबाईला परत दिला. धोतराला हात पुसले. जीपपाशी गेले आणि लक्ष्मणमामांना म्हणाले, "लक्ष्मन, हिच्या बाजूच्या काचंला उद्या पडदा बसवून घे."