लेबल खरवडलेली डबी

गोळ्यांची नवी डबी आली की तिचं लेबल मी गरम पाण्यात भिजवून नखानं खरवडून काढायचे. वर कापूस कोंबायचे, खुळखुळ नको म्हणून. नवरा एचआयव्हीनं गेला, जाताना मलाही देऊन गेला, आणि सासरच्यांनी गावभर कावीळ सांगितली. केवढी ती अब्रू! पंचवीस एकर बागायतीची अब्रू. ती जपायला मी आठ वर्षं लेबलं खरवडत बसले. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

गेल्या साली सरकारी केंद्रातला साठा संपला. फोनवरची बाई म्हणाली, "आठवड्यानं या. तोवर बाहेर जेनेरिक मिळतंय का बघा, पण खंड पाडू नका." औषधाचं नाव विचारणार, तेवढ्यात जाऊबाई साखर मागायला आत आल्या आणि मी फोन कापला. पुन्हा लावला तर उचलतंय कोण! डबीत दोन गोळ्या उरलेल्या. घरात सापडायला नको म्हणून औषधाचं नाव लिहिलेलं कार्ड मी केंद्रातच ठेवून यायचे. म्हणजे रोज जी गोळी गिळून जगत होते, तिचं नाव मला ठाऊक नव्हतं. वाचण्याआधी खरवडायचीच घाई.

शिरूरचा मेडिकलवाला आमच्या भावकीतला. तरी पुडीत बांधून एक गोळी नेली. त्यानं ती उजेडाला धरली.

"काकू, कशावरची हाय ही?"

"थायरॉईडची."

"एवढी मोठी? म्हशीला द्यायचीय का काय?"

काउंटरवरचे पाच-सहाजण खिदळले. मीही हसले, निर्लज्जासारखी, आणि पुडी कमरेला खोचून घरी आले.

दुसऱ्या दिवशी एकच गोळी राहिली. एसटीनं दौंड गाठलं. तिथं माझं कुणी कुत्रंही ओळखीचं नाही, तरी तोंडाला स्कार्फ. केंद्राच्या बाकावरही आम्ही सगळ्या अशाच बसतो, दरोडा घालायला आल्यासारख्या. दुकानात गर्दी होती. टकल्या दुकानदारानं गोळी तळहातावर घेतली.

"कशाची गोळी, मावशी?"

थायरॉईड ओठांवर आलंच होतं. मग डोकं फिरलं. परत म्हैस ऐकून घ्यायची आणि उद्यापासून गोळीवाचून बसायचं, ते कुणासाठी? ज्यांनी आठ वर्षांत एकदाही विचारलं नाही की बाई, औषध घेतलंस का, त्यांच्यासाठी? मी स्कार्फ खाली ओढला.

"एचआयव्हीची. हिचं जेनेरिक हाय का तुमच्याकडं?"

शेजारचा माणूस हातभर सरकला. सरक बाबा, सरक. दुकानदार काउंटरवर वाकून कुजबुजला, "मावशी, हळू बोला की."

"आठ वर्षं हळूच बोलले," मी म्हणाले. "हाय का न्हाई, तेवढं मोठ्यानं सांगा."

तो आत गेला, एक डबी घेऊन आला, त्यातली गोळी माझ्या गोळीशेजारी ठेवून ताडून पाहिली.

"हाय. डॉक्टरची चिठ्ठी आणा, देतो." तेही हळूचच.

बाहेर पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले. भीती आत काउंटरवरच गेली होती, हा नुसता संताप होता. पाच शब्दांचा प्रश्न, आणि तो विचारायला मला दुसरा तालुका गाठावा लागला.