कै. ट्रान्स्फॉर्मर यांची अंत्ययात्रा

काय सांगू मंडळी, माणसं गाढवपणा करतात तो उभ्यानं, नाहीतर बसून. मी केला तो तिरडीवर आडवा पडून! हसू नका, पुढं ऐका.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आमच्या गावचा ट्रान्स्फॉर्मर जळाला, नळाची मोटर बंद पडली आणि बायका तीन आठवडे नदीवरून घागरी वाहत होत्या. माझी बायको दोनदा दरडीवरून घसरली. वीज मंडळाच्या कचेरीतले साहेब म्हणायचे, "बघू." मग गावानं ठरवलं, ट्रान्स्फॉर्मरची अंत्ययात्राच काढायची, थेट कचेरीच्या दारात.

गवताचं प्रेत करणार होते. पण मला कुठं गप्प बसवतंय? मी शिरवळच्या कंपनीत कामाला, म्हणजे गावातला सुधारक! म्हटलं, "मीच झोपतो."

सखूआत्या, माझ्या वडिलांची बहीण, कडाडली, "जित्या माणसाला तिरडीवर बांधू नगा रं! वंगाळ असतंय ते."

"आवं आत्या, लोकं चंद्रावर गेली!"

खरी गोम माझ्या खिशात होती. कंपनीच्या मॅनेजरांनी दोन दिवस सांभाळायला दिलेला मोबाइल! गावात कुणी तसली वस्तू पाहिलेली नव्हती आणि मी मुद्दाम दाखवलीही नाही. साताऱ्याच्या एका पत्रकाराला सांगून ठेवलं होतं, "अकराला फोन करा, गर्दी किती ते सांगतो. शंभरावर असली तर फोटोवाला धाडा." कचेरीच्या दारात प्रेतानं उठून फोनवर बोलायचं आणि साऱ्या गावानं तोंडात बोट घालायचं, असा माझा बेत.

हात बांधतील, हे डोक्यातच आलं नव्हतं हो!

सुतळीनं आवळलं. तोंडावर पांढरं कापड आलं, नाकात गुलाल गेला. दिवस ढगाळ, वारा पडलेला. सुरुवातीला सगळे हसत होते. मग आत्यानं सूर लावला. ट्रान्स्फॉर्मरसाठी नव्हे, माझ्या नावानं! "सोन्यासारखा माझा भाचा गेला गं..." हळूहळू बायकांचं रडं खरं व्हायला लागलं. हसणं थांबलं. नुसती पावलं ऐकू यायची. कुणाचा तरी गार हात माझ्या पायावरून फिरला.

"अरं, मी हाय की!" मी ओरडलो.

कुणी ओ दिली नाही. कापडाआड माझा आवाज मलाच ओळखीचा वाटेना. खरं सांगतो, मला वाटलं, आपण गेलो. कधी गेलो, तेवढंच कळलं नाही.

तिरडी कचेरीच्या पायरीवर टेकली. घोषणा द्यायच्या, तर सगळे चिडीचूप. आणि त्या शांततेत माझ्या छातीतून किणकिण सुरू झाली! कापडातून हिरवा उजेड!

"म्या म्हनलं व्हतं!" आत्या किंचाळली. "त्याच्यात कायतरी शिरलं!"

"पळा रं!"

दीडशे माणसं गेली कुठं? मडकं धरणारा मडक्यासकट गेला. रस्ता रिकामा, आणि मी एकटा वाजतोय. मग पायरीवर बूट वाजले. साहेब बाहेर आले होते, हातात एक कागद.

"साहेब," मी कापडातून म्हणालो, "खिशात हाय. हिरवं बटन दाबा."

त्यांची बोबडीच वळली. पण सरकारी माणूस, वाजणारा फोन उचलायची सवय! खिशातून काढला, बटन दाबून कानाला लावला. पलीकडून पत्रकारानं गर्दी विचारली असणार. साहेबांनी रिकामा रस्ता पाहिला, मग मला पाहिलं.

"मोर्चाला? एक आहे," साहेब म्हणाले. "तोही मयत."

फोटोवाला कशाला येतोय? साहेबांच्या हातातल्या कागदावर दोन दिवसांत नवा ट्रान्स्फॉर्मर बसवायचा हुकूम होता. खिडकीतून गर्दी पाहून घाईघाईनं लिहिलेला. तो त्यांनी माझ्यादेखत घडी घालून खिशात टाकला. ट्रान्स्फॉर्मर आला आठ दिवसांनी. तोवर गावाला पाणी कुणी आणायचं, हे बायकांनी एकमतानं ठरवून टाकलं.

खोट्या मरणानं आयुष्य वाढतं म्हणतात. माझंही वाढलं असेल. पण त्या आठ दिवसांत घागरी घेऊन दरड चढता-उतरता ते सगळं तिथंच संपलं बघा!