मीराबाईंचा ठाणेदार

पुलगावात गादी भरून घ्यायची तर मीराबाईंकडेच. कापूस नुसता मुठीत धरला की त्यावर पाणी मारलंय का, हे बाई सांगतात. व्यापारी त्यांच्याशी वाद घालत नाहीत, कारण हसं त्यांचंच होतं.

दुकानातला दुसरा अधिकारी ठाणेदार. पिवळा, जाडजूड बोका. गिऱ्हाईक आलं तरी गादीवरून हलत नाही, म्हणून हे नाव.

त्या दिवशी लग्नाच्या आठ गाद्या भरायच्या होत्या. ठाणेदार सकाळपासून पिंजलेल्या कापसावर बसायचा, कुंथायचा, उतरायचा, की लगेच दुसऱ्या ढिगावर. मधूनच मागची बाजू चाटायचा.

"मेल्या, अंगणातली माती सोडून माझ्या कापसावर काऊन?" बाईंनी त्याला चारदा हाकललं.

शेजारचे सायकल दुरुस्तीवाले भैय्याजी म्हणाले, "पोट साफ नाई होऊन राह्यलं त्याचं. एरंडेल देऊन पाहा, बाई."

माणसांचं हे असंच. मांजर कुंथलं की बद्धकोष्ठ! बघायला नको, तपासायला नको.

खराब झालेला कापूस काढायला बाई वाकल्या. मूठभर उचलला. कोरडा! दुसऱ्या ढिगावरचा, तोही कोरडा. तिसऱ्यावर तेवढा एक गुलाबी ठिपका. इतक्या वेळा बसला आणि एवढंच? त्यांनी त्याच्या पोटाला हात लावला. खाली लिंबासारखं टणक काहीतरी लागलं, आणि कधी नख न काढणारा ठाणेदार नखं काढून किंचाळला. सकाळचं खाणंही त्यानं हुंगून सोडलं होतं.

"भैय्याजी, एरंडेल तुमीच प्या अन् गाडी काढा! याची लघवी तुंबली."

"अवो, अन् लग्नाच्या गाद्या?"

"नवरदेव चटईवर झोपला तं मरत नाई. हा मरून जाईल!"

वर्ध्याच्या रस्त्यावर भैय्याजींनी विचारलं, "ठाणेदाराले घेऊन चाललो, सायरन वाजवू का?"

"हॉर्न वाजवा अन् गप बसा!"

वर्ध्याला जनावरांच्या डॉक्टर रीता मॅडमनी पोट चाचपलं आणि लगेच कामाला लागल्या. बोक्याची मूत्रनळी फार अरुंद. त्यात वाळूसारखे कण अडकले होते. गुंगी देऊन त्यांनी बारीक नळी घातली, तेव्हा कुठे भांडं भरू लागलं.

"उद्यावर ढकललं असतं तर वाचला नसता," त्या म्हणाल्या. "बोका पुन्हापुन्हा बसतो आणि लघवी होत नाही, तर तासभरही थांबायचं नाही. घरगुती औषध नाही, पोट दाबणं तर मुळीच नाही."

भैय्याजी छताकडे पाहू लागले.

नळी काढल्यावर त्याची त्याला लघवी होते का, हे बघायला मॅडमनी ठाणेदाराला तीन दिवस ठेवून घेतलं. इकडे बाईंचे टाके वाकडे पडू लागले. तिसऱ्या दिवशी नवरीची आई खोळींचा रंग ठरवत बसली होती, तेवढ्यात मॅडमचा फोन आला.

"केली! दोनदा, भरपूर! घेऊन जा त्याला. मात्र पाणी जास्त पाजायचं आणि खाणं ओलसर द्यायचं."

बाई ताडकन उठल्या. "भैय्याजी! आपला ठाणेदार मुतला हो!"

आवाज रस्त्यापलीकडे गेला. भैय्याजींनी पाना टाकून दोन्ही हात वर केले. नवरीच्या आईनं आधी तोंडाला पदर लावला, मग तीही खो खो हसत सुटली.

"रंग तुमीच ठरवा," बाईंनी चपला पायात सरकवल्या. "मी माह्या पोराले घेऊन येतो."