चौथ्या रकान्यातले नाव

शेवंतीच्या चुरगळलेल्या पानांचा तो कडवट, औषधी गंध आजही कुठे आला की साताऱ्यातल्या मामांच्या बंगल्यामागची बाग, मार्गशीर्षातले कोवळे ऊन आणि दवाने ओलसर झालेली माझी वही एकदमच समोर उभी राहते, आणि मला माझीच लाज वाटू लागते.

महायुद्धाचे दिवस होते. सांगलीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकणारी मी सुट्टीत त्या बागेतल्या फुलांची नावे गोळा करीत होते. पहिल्या रकान्यात शास्त्रीय नाव, दुसऱ्यात इंग्रजी, तिसऱ्यात जतच्या मैत्रिणीने पोस्टकार्डावर कळवलेले कानडी, आणि चौथ्यात बाग राखणाऱ्या तानूबाईच्या तोंडचे. शास्त्रातली क्रॉसँड्रा म्हणजे जतकडची कनकांबर आणि तानूबाईची अबोली. एकाच फुलाला इतक्या दारांतून हाक मारता येते याचे मला कोण कौतुक! तानूबाई कोरेगावकडची. तिचा नवरा ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होता.

गुलबक्षीला ती ‘सांजंचं फूल’ म्हणाली आणि गुलाबाला ‘काट्याचं’. नवी नावे सापडली म्हणून मी हरखले, तशीच लिहूनही टाकली. मामीला वही दाखवली तर ती पोट धरून हसली. “अगं वेडे, तिच्या नवऱ्याचं नाव गुलाबराव. ती कशी घेईल ते तोंडात?” नाव घेतले की धन्याचे आयुष्य उणे होते, अशी तानूबाईची श्रद्धा, म्हणून त्या नावाच्या आसपासची फुलेही तिने ओठांआड ठेवली होती.

माझी शास्त्रीय बुद्धी तेव्हा ऐन भरात होती. मी तिला हसले, चिडवले, समजावले आणि शेवटी हट्टालाच पेटले.

“आवं ताई, ऱ्हाऊ द्या की. तुमाला ठावं हाय न्हवं त्याचं नाव?” ती काकुळतीने म्हणाली.

मला ठाऊक होतेच. तरी ते तिच्याच तोंडून हवे होते. अखेर पदर तोंडाशी धरून, जमिनीकडे पाहत तिने ती तीन अक्षरे उच्चारली आणि लगेच खाली बसून आळ्यातली माती उकरू लागली. मी विजयाच्या आनंदात तारखेसह नोंद केली.

चैत्रात पुन्हा साताऱ्याला आले तेव्हा तानूबाई आदल्याच दिवशी आलेला सरकारी लखोटा घेऊन माझी वाट पाहत होती. कागद इंग्रजीत होता. गुलाबराव लढाईत कामी आल्याचे मी कसेबसे सांगितले. ती मोगऱ्याच्या वाफ्याकडेला मटकन बसली. रडली नाही. वाफ्यातली माती बोटांनी उकरीत तिने विचारले, “ताई, कवाचं हाय हे? म्या नाव घेतलं, त्याच्या आदीचं का मागनंचं?”

कागदावर तारीख होती. माझ्या नोंदीनंतरच्या नवव्या दिवसाची. साताऱ्यात उच्चारलेल्या शब्दाने ब्रह्मदेशातली गोळी वळत नाही, हे मला तेव्हाही कळत होते आणि आजही कळते. पण त्या क्षणी त्या ज्ञानाचा मला काडीइतकाही आधार वाटला नाही. फुलाच्या नावातली चूकही खपवून न घेणारी मी, “आधीचं,” म्हणाले. “कितीतरी आधीचं.” माझा आवाज कापत होता.

ती माझ्या तोंडाकडे एकटक बघत राहिली. मग तिने मातीचा हात लुगड्याला पुसला आणि माझ्या पाठीवर ठेवला.

“व्हय ताई, आदीचंच,” ती म्हणाली, रडणाऱ्या पोरीची समजूत घालावी तशी.