माझ्यासाठीच धावली होती

तीस वर्षं मुलींना पोहायला शिकवणारी माझी थोरली बहीण, अक्का, आज दवाखान्याच्या खिडकीपाशी बसून एकेक श्वास सावकाश घेत होती. फ्लूचा न्यूमोनिया झाला आणि पंधरा दिवस तिला ऑक्सिजनवर ठेवावं लागलं.

घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "विषाणू केव्हाच हटला होता. पण त्याच्याशी लढणाऱ्या तुमच्याच पेशी थांबेनात. त्यांनीच फुफ्फुसं सुजवली. शेवटी त्यांना आवरायचं औषध द्यावं लागलं."

"म्हणजे माझ्याच माणसांनी मला मारलं म्हणा!" अक्का हसली. मग हळूच म्हणाली, "त्यांना नावं नका ठेवू, बाई. माझ्यासाठीच धावली होती ती."

जिवापाड जपणाऱ्यांचा हात कधी कधी जड पडतो, हे आपण घरोघरी पाहतो. पण तो घाव सोसून त्यांचं कौतुक करायला मन मोठं लागतं.

वॉर्डबॉयने चाकांची खुर्ची आणली. अक्काने ती बाजूला सारली आणि दर चार पावलांवर थांबत, दम घेत, स्वतःच्या पायांनी फाटकापर्यंत गेली. मी मागून पिशवी घेऊन चालत होतो. अभिमानाने माझा ऊर भरून आला होता.