आकड्यावरची टिकली

मोहोपाड्याच्या एका केमिकल कंपनीत मी एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा शिफ्ट इन्चार्ज म्हणून. शिफ्ट इन्चार्जचं काम म्हणजे दुसऱ्यांवर ओरडणं, आणि ते मी मन लावून केलं. रिअ‍ॅक्टरला तापमानाचा काटा असतो. ऑपरेटरने दर तासाला उठायचं, काटा बघायचा आणि लॉगशीटमध्ये आकडा लिहायचा. हा झाला नियम. आमचे हुशार लोक शिफ्ट सुरू झाली की बसल्या जागी आठही तासांचे आकडे लिहून मोकळे व्हायचे. बासष्ट, त्रेसष्ट, बासष्ट, आणि खरं वाटावं म्हणून मधेच एखादा चौसष्ट. अशा कित्येक लॉगशीट मी त्यांच्यासमोर फाडल्या. "आधी काटा बघ, मग लिही" हे वाक्य मी इतक्या वेळा ओरडलो की माझ्या निरोपाला पोरांनी ते केकवर लिहून आणलं. मी हसत हसत केक कापला. स्वतःला शहाणा समजणाऱ्या माणसाला टोमणा कळत नाही, केक कळतो.

रिटायर झाल्यावर कर्जतच्या घरी बसून करायचं काय, म्हणून टॅबवर बुद्धिबळ सुरू केलं. त्यातही डाव नाही, कोडी. पडद्यावर अर्धवट झालेला डाव येतो, त्यातली नेमकी चाल शोधायची. घड्याळ चालू, तीन मिनिटांत सुटतील तितकी. आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात तुमचं रेटिंग. बरोबर आलं की हिरवं होऊन चढतं, चुकलं की लाल होऊन उतरतं. आमच्या प्लँटमधल्या अलार्मच्या दिव्यांनाही इतका माज नव्हता.

हा नाद मला शेजाऱ्यांनी लावला. शेजारी म्हणजे पिढीजात भातशेतीवाले, माझ्याहून सात वर्षांनी मोठे. अर्धी जमीन बंगल्यांच्या स्कीमला गेली, तेव्हापासून त्यांच्याकडे वेळच वेळ. सकाळी कुंपणावरून हाक यायची, "काय रं, किती झालं?" तब्येत नाही, चहा नाही, सरळ आकडा. त्यांचा कायम माझ्यापेक्षा दोनशेने जास्त. तो कसा, ते मी एकदा त्यांच्या ओट्यावर गेलो तेव्हा कळलं. एका फोनवर कोडं, दुसऱ्या फोनवर तेच कोडं सोडवून देणारं अ‍ॅप, आणि मधे हे गृहस्थ, या हातातलं त्या हातात करायला. मी बघतोय हे बघून म्हणाले, "डोळं दुखतात रं, म्हनून दुसरा फोन." मला राग आला, आणि खरं सांगतो, हेवाही वाटला.

पण मला आकडा हवा होता तो शेजाऱ्यांना दाखवायला नव्हे. मला तो माझ्या मुलीला दाखवायचा होता.

मुलीला बुद्धिबळ मीच शिकवलं, सहा वर्षांची असताना. दहाव्या वर्षी ती मला हरवायला लागली. मग खोपोली, खालापूर, जिथे शाळेच्या हॉलमध्ये स्पर्धा असेल तिथे मी तिला मोटरसायकलवर घेऊन जायचो. तिला रेटिंग मिळालं आणि मी बिघडलो. दूधवाल्याला तिचं रेटिंग सांगितलं, कंपनीच्या बसमध्ये सांगितलं. एकदा तर नात्यातल्या कोणाच्या तेराव्याच्या जेवणाला, पंगतीत, भजी वाढणाऱ्याला थांबवून सांगितलं. तो बिचारा "अजून दोन घ्या" म्हणाला. तेराव्या वर्षी मुलीने पट आणि सोंगट्यांचा डबा कपाटावर ठेवून दिला. "मला नाही खेळायचं," एवढंच म्हणाली. मी तिला आळशी म्हटलं. आणखीही बरंच म्हटलं, ते इथे लिहायची लाज वाटते.

आता ती खोपोलीला एका लॅबमध्ये कामाला आहे, मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहते, रविवारी आणि सणावाराला घरी येते. आईशी तासन्‌तास बोलते. माझ्याशी बोलणं म्हणजे "जेवलात का" आणि "गोळी घेतली का". अकरा वर्षं झाली, तो डबा कपाटावरून खाली आला नव्हता. मला तिच्याबरोबर एक डाव खेळायचा होता. एकच. आणि माझ्या डोक्यातली युक्ती बघा, मोठा आकडा करून दाखवला की ती आपणहून समोर येऊन बसेल! ज्या विळ्याने बोट कापलं त्याच विळ्याने मी पट्टी कापायला निघालो होतो.

माझी सोडवायची पद्धत अशी होती की शह दिसला रे दिसला की द्यायचा. राजा पळेल, काहीतरी होईल. कोडं सुटलं तर माझी हुशारी, नाही सुटलं तर घड्याळाचा दोष. आकडा चढायचा, पडायचा, आणि त्याच्याबरोबर मी. बायको एकदा म्हणाली, "अहो, बीपीची गोळी तुम्हाला देऊ की त्या टॅबला?"

गोपाळकाल्याच्या सुट्टीला मुलगी आली होती. माझ्या पाठीमागे उभं राहून केस विंचरत होती. मी दोन सेकंदांत वजिराने शह दिला. लाल. मागून आवाज आला, "घोडा बघितलात का?"

अकरा वर्षांत बुद्धिबळाबद्दल तिने माझ्यापाशी उच्चारलेलं पहिलं वाक्य. आणि मी काय म्हणावं? "वेळ कुठे होता?"

"वेळ होता. तुमचं लक्ष कोपऱ्यात होतं."

ती आत गेली, आईच्या पाकिटातली एक टिकली घेऊन आली आणि टॅबच्या काचेवर, बरोबर आकड्याच्या डोक्यावर, चिकटवून टाकली. म्हणाली, "दसऱ्यापर्यंत काढायची नाही. मग एक डाव खेळू." आणि केस बांधत निघून गेली. 

पहिले काही दिवस माझे हाल झाले. कोडं सुटलं तरी डोळे कोपऱ्यात जायचे आणि टिकलीवर आपटून परत यायचे. चढलो की पडलो हेच कळेना, तर आनंद कसला करायचा? मग करायला दुसरं काही उरलं नाही म्हणून मी पट बघायला लागलो. एक वही केली. चुकलेलं प्रत्येक कोडं त्यात काढायचं आणि खाली कारण लिहायचं. पहिल्याच पानावर सहा कोड्यांखाली एकच कारण आलं, "न बघता खेळलो". सहाव्यांदा लिहिताना हात थांबला. बसल्या जागी आठ तासांचे आकडे भरणारा तो ऑपरेटर दुसरा तिसरा कोणी नव्हता. त्या दिवशी मला केकवरचा टोमणा कळला, पण ओरडायला समोर माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

मग मी प्लँटचाच नियम लावला. आधी काटा. समोरच्याचा राजा कुठे आहे, कोणती सोंगटी बिनआधाराची आहे, मी ही चाल केली तर तो काय करेल. तीन मिनिटांत पूर्वी मी पंचवीस कोड्यांना हात लावायचो आणि निम्मी चुकवायचो. आता सात-आठच व्हायची, पण सुटलेली असायची. चुकलेली मी बाजारातून आणलेल्या प्लास्टिकच्या पटावर मांडून ठेवायचो, टीव्हीशेजारी. येता-जाता बघायचं. तेच कोडं चार दिवसांनी पुन्हा घड्याळ लावून सोडवायचं. हात आपोआप वेगाने चालायला लागला, आणि हे सगळं मी कोणाला सांगू शकत नव्हतो, कारण सांगायला आकडाच नव्हता.

शेजाऱ्यांना हे सहन झालं नाही. "आकडा झाकून खेळतोस? म्हंजे भात झोडायचं आन् मापायचं नाय? असा कोन शेतकरी हाय रं?" रोज सकाळी कुंपणावरून हेच. नवरात्रातल्या एका सकाळी मी पडलो बळी. त्यांच्यासमोरच नखाने टिकली उचलली.

आकडा सुरुवातीपेक्षा एकशेऐंशीने खाली होता.

शेजारी इतके खूश झाले की घरात जाऊन माझ्यासाठी चहा घेऊन आले. मी तो प्यालो, कशासाठी ते मला ठाऊक नाही. टिकली काही केल्या परत चिकटेना, तेव्हा बायकोच्या पाकिटातली दुसरी लावली आणि टॅब कपाटात टाकला. दोन दिवस मी कोणाशी धड बोललो नाही. बासष्ट वर्षांचा बाप्या एका आकड्यावर रुसून बसला होता.

तिसऱ्या दिवशी टीव्हीच्या रिमोटसाठी वाकलो आणि पटावरचं कोडं नजरेस पडलं. आठवडाभर अडलेलं. एकाएकी दिसलं की उंट बळी द्यायचा, मग घोड्याने एकदम राजा आणि हत्ती दोन्ही धरायचे. कोणी हिरवा दिवा लावला नाही. मी एकटाच "आयला!" म्हणून ओरडलो, आणि बायको हातात झारा घेऊन धावत आली. मी टॅब कपाटातून काढला आणि परत बसलो.

दसऱ्याला मुलगी आली. आपट्याची पानं दिली, पाया पडली, आणि सरळ टॅब हातात घेतला. बघून म्हणाली, "पप्पा, मम्मीच्या पाकिटात दोन आकाराच्या टिकल्या आहेत. मी छोटी लावली होती."

एकतीस वर्षं खोट्या लॉगशीट पकडणारा मी. साध्या टिकलीवर सापडलो. सांगून टाकलं सगळं, शेजाऱ्यांच्या चहासकट.

"चढला होता का?"

"नाही गं. चांगलाच पडला होता."

"मग?"

"दोन दिवस रुसलो. मग परत सोडवायला बसलो."

 तिने खुर्ची ओढून कपाटावरून डबा खाली काढला आणि ओल्या फडक्याने धूळ पुसली. मला रडू आलं होतं, ते मी शिंकेत घातलं.

डाव दीड तास चालला. एकदा वजिराने शह देता येत होता, आयता. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो आणि पट बघितला. कोपऱ्यात तिचा घोडा दबा धरून होता. मी शह दिला नाही. ती हसली. शेवटी हरलो तो हरलोच.

सोंगट्या डब्यात भरताना ती बोलली, खाली बघत. "खोपोलीहून परत येताना मी गाडीवर मागे बसून मनाशी पैज लावायचे. पप्पांनी पळसदरी येईपर्यंत रेटिंग किती वाढलं हे विचारलं नाही, तर पुढच्या वेळी पण खेळायचं." सोंगट्या भरून झाल्या. "तुम्ही कधी लौजीच्या पुढे गेला नाहीत."

खोपोली सोडली की लागतंच लौजी, चार-पाच मिनिटांवर; पळसदरी थेट कर्जतच्या तोंडाशी. 

संध्याकाळी तिला सोडायला निघालो तर शेजारी कुंपणाशी होतेच. "काय रं, किती झालं?" मी म्हटलं, "पोरीशी खेळलो. हरलो." आणि गाडीला किक मारली.

वाटेत जिभेवर एकच प्रश्न होता, माझा खेळ सुधारलाय का गं? खोड जित्याची. पळसदरी आली, मी गप्प. पळसदरी गेली. केळवली गेली. लौजीला तिने मागून खांद्यावर हात ठेवला. "पप्पा, बोला आता काहीतरी."

मी गाडी हळू केली आणि तिच्या तेराव्या वर्षीच विचारायला हवं होतं ते विचारलं. "तुला खेळताना मजा येते का गं?"

खोपोलीचा नाका आला. उतरल्यावर पिशवी खांद्याला लावत म्हणाली, "आज आली."