काळ्या झग्याची चुणी

मंगळवार, ४ फेब्रुवारी. सकाळी धुकं. वीज तासभर नव्हती. दुपारी वन्संबरोबर बाहुल्यांचा भुताचा सिनेमा पाहिला. झगे त्यांनी शिवलेत. वहिनींच्या डायरीत एवढंच.

वन्सं म्हणजे वहिनींच्या दिवंगत यजमानांच्या धाकट्या बहीण. चाळीस वर्षं त्यांनी माणसांचे कपडे शिवले. साठीनंतर स्टुडिओतून बोलावणं आलं, तर गिऱ्हाईक निघालं वीतभर उंचीचं: ओसाड बंगल्यात भाडेकरूंना हुडकत फिरणारी मेलेली घरमालकीण. तिथे बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायची. दिवसभर राबलं की सिनेमा सरकणार दोन सेकंद.

वन्संना चुरगळलेलं कापड बघवत नसे. एका सकाळी जिन्याच्या मधोमध उभ्या बाहुलीच्या झग्यावर, गुडघ्याशी, त्यांना चुणी दिसली. त्यांनी ती बोटाने निगुतीने सपाट केली आणि चहाला गेल्या. परतल्या तर हलकल्लोळ.

"आजी, काय केलंत हे?" बाहुली हलवणारी मुलगी रडकुंडीला आली होती. "पडद्यावर चुणी एकदम गायब होणार! चार दिवसांचं काम गेलं!"

"अगं, असल्या कपड्यात बाई चारचौघांत जाईल का?"

"ती मेलीय, आजी!"

"म्हणून काय गबाळं राहायचं?"

सगळे हसले, दिग्दर्शक सोडून. "चुणी होती तिथे, होती तशी बसवा," तो म्हणाला. "नाहीतर उद्यापासून येऊ नका."

वन्संनी कालचा फोटो मोठा करून मागितला, डोळ्याला भिंग लावलं. झग्याच्या आतून एक टाका घेतला, उसवला, पुन्हा घेतला. जन्मभर चुण्या मोडणारी बाई दुपारपर्यंत एक चुणी घडवत बसली. सतराव्या खेपेला मुलीने कालचं चित्र आजच्यावर ठेवून पाहिलं. रेघ रेघेवर बसली. दिग्दर्शक उठला. त्याने वन्संपुढे स्वतःची खुर्ची सरकवली.

आज वहिनींनी त्या घरमालकिणीला जिना चढताना पाहिलं. कोळिष्टकं, खोल गेलेले डोळे, हातात विझलेला कंदील. पण हलवणाऱ्यांची बोटं लागून लागून तिच्या खांद्याशी कापड बारीक थरथरत होतं, जणू आत श्वास चालू होता. भीती वाटायची ती राहूनच गेली. वहिनींना तिची माया वाटू लागली. कुणाकुणाच्या हातांनी तिला पायरीपायरीने वर नेलं होतं.

"ती चुणी कधी येणार हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"येऊन गेली," वन्सं म्हणाल्या. "कळलं नाही ना? मग जमलं."

संध्याकाळी वहिनींनी डायरीत खाली आणखी एक ओळ लिहिली: गॅसचा सिलिंडर बदलला.